आणखी एक बाटली

रविवारी धाकटीच्या घरी जेवायला बसलं की तिचा भाऊ सगळ्यात आधी पाण्याचा जग ओढून घेणार हे ठरलेलं. भाचरांचे पेले, मेव्हण्याचा पेला, धाकटीचा पेला, कुणी पाहुणा असला तर त्याचा, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचा. भरलेला पेलाही तो लगेच तोंडाला लावायचा नाही. सगळ्यांनी घोट घेतला की मग हा. नवख्या पाहुण्याला वाटायचं, काय नम्र माणूस आहे! नम्र कसला, हाडात भिनलेली सवय होती ती. तरुणपणी याच कामावर त्याचं पोट चाललं होतं.

तो सायकल शर्यतीत होता. असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हात उंचावलेला, गळ्यात हार घातलेला माणूस येतो. तो माणूस वेगळा. मोठ्या शर्यतीत प्रत्येक संघाला एक कप्तान असतो आणि बाकीचे सगळे त्याच्यासाठी झिजायला असतात. झिजणाऱ्यांतही सगळ्यात खालच्या पायरीवर असतो तो पाणी आणणारा. त्याने वेग कमी करून मागे संघाच्या गाडीपाशी यायचं, बाटल्या घ्यायच्या, पाठीवरच्या खिशांत कोंबायच्या, गळ्यातून सदऱ्यात सोडायच्या, आणि ते सुटलेलं पोट सांभाळत पुन्हा सगळा घोळका ओलांडून कप्तानाला गाठायचं. बाटल्या वाटून झाल्या की पुन्हा मागे. कप्तानाचं चाक बसलं की आपलं चाक काढून त्याला द्यायचं आणि रस्त्याच्या कडेला टोपी हातात घेऊन गाडीची वाट बघत उभं राहायचं. संघात त्याला सगळे पाणक्या म्हणायचे आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटायचा नाही. धाकटी शिवणकाम करायची. तिने त्याच्या शर्यतीच्या सदऱ्याला आतल्या बाजूने एक चोरखिसा शिवून दिला होता, आणखी एक बाटली मावावी म्हणून. त्या खिशाचं त्याने इतकं कौतुक केलं, की कप्तानाला शर्यत जिंकल्यावर जेवढा आनंद होत असेल त्याहून याचा आनंद मोठा.

शर्यती सुटल्यावर त्याने गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एक लांबट खोली. छताला टांगलेल्या सायकली, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले पाने, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, आणि रबराच्या सोल्युशनचा तो वास, जो त्याच्या अंगाला इतका चिकटला होता की भाचरं अंधारातही मामा आला हे ओळखायची. लग्नाचं नाव काढलं की म्हणायचा, "आधी धाकटीचं होऊ दे." धाकटीचं झालं आणि त्याचं राहूनच गेलं. इथेही त्याने स्वतःचा पेला शेवटी ठेवला, आणि जग रिकामा झाला.

धाकटीचं लग्न झालं तेही शर्यतीमुळेच. पाणक्याने सबंध आयुष्यात एकच टप्पा जिंकला होता, सगळ्यात अवघड घाटाचा. आणि जिंकला तोही जवळजवळ चुकून. कप्तानाने सकाळीच त्याला सांगितलं होतं, तू पुढे पळ, म्हणजे बाकीचे संघ तुझ्यामागे धावून दमतील. तो पळाला. पण पाणी आणणाऱ्याच्या मागे कोण धावतो! कुणी ढुंकूनही बघितलं नाही. त्याच्याबरोबर दुसऱ्या संघातला एकजण तेवढा निघाला, तोही तिकडचा पाणक्याच. दोघं मिळून एवढे पुढे गेले की मागच्यांना शहाणपण सुचेपर्यंत घाटाचा माथा जवळ आला होता.

शेवटच्या वळणांवर आमच्या पाणक्याचा घसा कोरडा पडला. निघताना सगळ्या बाटल्या त्याने कप्तानाच्या हवाली केल्या होत्या. चोरखिशातलीसुद्धा. तो इतका डुलायला लागला की शेजारच्याला दया आली. त्याने आपली बाटली पुढे केली. म्हणाला, "घे, एक घोट घे. नाहीतर इथेच मरशील आणि आळ माझ्यावर येईल."

पाणक्याने बाटली तोंडाला लावली ती तळ दिसेपर्यंत काढली नाही. शेजारचा ओरडत राहिला, "अरे, थेंबभर तरी ठेव माझ्यासाठी!" पण आयुष्यात पहिल्यांदाच आधी प्यायला मिळालेला माणूस, त्याला थांबायचं कसं ते माहीतच नव्हतं. पुढे रेषेवर पाणक्या अर्ध्या चाकाने पहिला आला, आणि ज्याने पाणी पाजलं तो कोरड्या घशाने दुसरा.

त्या दुसऱ्याने नंतर पाणक्याचं घर शोधून काढलं. म्हणे बाटली संघाची होती, परत द्यावी लागते. दार उघडलं धाकटीने, हातात सुई-दोरा घेऊन. त्यानंतर तो बाटली मागायला अनेकदा आला आणि दर वेळी बाटली विसरून गेला. शेवटी धाकटी लग्न होऊन त्याच्या घरी गेली तेव्हा तिनेच ती बाटली सामानातून नेली. त्याने पुढे बापाच्या जागी केशकर्तनालयाची खुर्ची सांभाळली, पण पाणक्याने त्याला कायम "दुसऱ्या" अशीच हाक मारली, आणि तोही त्याला पाणक्याच म्हणत राहिला. स्वयंपाकघरातल्या फळीवर ती चेपलेली बाटली उभी असायची, आणि रविवारी जेवणं झाली की दुसऱ्या तो घाट पहिल्यापासून चढायला घ्यायचा. "थेंबभर तरी ठेव माझ्यासाठी" इथे आला की भाचरं त्याच्याबरोबर ओरडायची. पाणक्या खाली बघून हसायचा. महिन्यातून एकदा दुसऱ्या त्याचे केस कापायचा, आणि कापताना म्हणायचा, "वस्तरा माझ्या हातात आहे, लक्षात ठेव. घाटाचा हिशोब बाकी आहे आपला." दोघं म्हातारे झाले तरी हा पोरखेळ संपला नाही. धाकटीला वाटायचं, एका माणसाने हरणं असं घरात आणून गोड करून ठेवावं, याहून बाईला नवऱ्याकडून आणखी काय पाहिजे!

या सगळ्याला नख लागलं ते टीव्हीमुळे.

जुन्या सायकल शर्यतींतल्या भानगडींवर एक कार्यक्रम लागला होता. त्यात पाणक्याच्या संघाचा म्हातारा मालिशवाला बोलला. कप्तान जाऊन बरीच वर्षं झाली होती, चौकात त्याचा सायकलवर बसलेला पुतळा होता. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे मालिशवाल्याची जीभ सैल सुटली. त्या काळी काही संघांत रक्ताचा खेळ चालायचा, असं तो म्हणाला. गड्याचं रक्त काढून थंड पेटीत ठेवायचं आणि मोठ्या घाटाआधी परत त्याच्याच अंगात भरायचं. नाहीतर गट जुळणाऱ्या दुसऱ्या कुणाचं भरायचं. रक्त जास्त, म्हणून दम जास्त. पकडायला तपासणी नव्हती, आणि नियम होते ते असून नसल्यासारखे. मग मालिशवाला जरा पुढे वाकला. घाटाच्या आदल्या दिवशी हॉटेलातल्या वरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं. आत दोन खाटा होत्या. दोघांच्या हाताला नळ्या लावलेल्या. एक कप्तान. "आणि दुसरा कोण म्हणता? दुसऱ्या दिवशी घाट कोण जिंकला ते बघा की," असं म्हणून तो हसला.

झालं. गावाला एवढं पुरलं. ज्यांना सायकलचं हँडल कुठे असतं ते माहीत नव्हतं त्यांनाही रक्ताची सगळी विद्या एकाच संध्याकाळी आली. पंक्चर काढायला आलेले लोक विचारायचे, "काय काका, पेट्रोल कुठलं भरलं होतंत?" पाणक्या ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत बसायचा. हो नाही, नाही नाही.

दुसऱ्याच्या दुकानात तर मिरवणूकच. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आरशातून त्याचं अभिनंदन करायचं. "म्हणजे खरे पहिले तुम्हीच!" पहिल्या दिवशी तो हसला. दुसऱ्या दिवशी जरा ताठ उभा राहिला. खोटं कशाला बोला, बरं वाटलं त्याला. एवढी वर्षं पोटात कुठेतरी एक पहिला नंबर झोपला होता, तो जागा झाला. आणि मग हळूहळू त्या बरं वाटण्याला आंबूस वास यायला लागला. रविवारी तो जेवायला बसला, पाणक्याने त्याचा पेला भरला, आणि त्याने तो पेला हाताने बाजूला सारला.

"मी त्याला माझ्या तोंडचं पाणी दिलं," तो रात्री धाकटीला म्हणाला, "आणि तो अंगात उसनं रक्त घेऊन पळत होता. हरलो म्हणून नाही गं. हरणं मी केव्हाच पचवलं होतं. पण मी इतकी वर्षं पोरांना हसवत बसलो आणि तो समोर बसून खाली बघत होता. आता कळतंय खाली का बघायचा ते."

"त्याने काही केलं नसेल हो."

"मग तसं म्हणायला काय जातंय त्याचं? एक शब्द! नाही म्हण, मी मानतो. म्हणतो का?"

पाणक्या म्हणत नव्हता, हीच तर पंचाईत होती. पुढच्या रविवारी तो आला नाही. महिना उलटला, त्याचे केस कानांवर आले, पण तो इतर कुठल्या न्हाव्याकडेही गेला नाही. धाकटीची अवस्था अशी, की इकडे नवरा ताटावर बसून घास चिवडतोय आणि तिकडे भाऊ दुकानात एकटाच काहीतरी कोरडं खातोय. कुणाची बाजू घ्यावी? एका दुपारी डबा भरून ती दुकानात गेली. मनाशी ठरवूनच गेली होती, आज याच्याकडून हो किंवा नाही घेतल्याशिवाय उठायचं नाही.

पाणक्या एक चाक फिरवून त्याचा आंबा काढत होता. चाक वाकडं चालतं त्याला हे लोक आंबा म्हणतात. एकेक तार ताणायची, चाक फिरवायचं, डोळा लावून बघायचं.

"दादा, त्या खोलीत होतास तू?"

"होतो."

"हाताला नळी होती?"

"होती."

"मग मालिशवाला खोटं बोलत नाहीये."

"नाही. जे दिसलं ते बोलला बिचारा." त्याने पुन्हा चाक फिरवलं. "डब्यात काय आणलंयस?"

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती काही बोलणार तेवढ्यात दाराशी घंटी वाजली. कप्तानाची बायको, पाणक्याची वहिनी, आपली जुनी सायकल हाताने ढकलत आत आली. वयाने वाकलेली, पण केस नीट विंचरलेले, कपडे स्वच्छ. बाजारात अजून सायकलवर जायची, आणि तिच्या सायकलचं सगळं पाणक्याच बघायचा. दुकानात पंक्चरसाठी थांबलेल्या एका गिऱ्हाईकाने कान टवकारले. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"भावजी, ब्रेक लागत नाहीये," त्या म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही. आता विचारते. ह्यांनी ते केलं होतं का हो? मला कळू दे. लोक पुतळ्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी त्यांच्याबरोबर सगळं आयुष्य काढलं, आणि मला हे माहीत नसावं?"

पाणक्याने सायकल उलटी केली. ब्रेकची तार बघितली. मग खुंटीवरचं फडकं घेतलं आणि हात पुसत म्हणाला, "कप्तानांनी काही केलं नाही, वहिनी. ते माझ्यासाठी होतं. मला एकट्याला भीती वाटत होती म्हणून ते शेजारच्या खाटेवर पडून राहिले. त्यांच्या हाताला होती ती साधी शक्तीची सलाईन. जे काय केलं ते मी."

वहिनींच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. "बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला, आणि ब्रेक झाल्यावर सायकल घेऊन गेल्या. गिऱ्हाईक तर त्यांच्याही आधी, ट्यूब तशीच टाकून, बातमी घेऊन पसार झालं होतं.

धाकटी मात्र फडक्याकडे बघत होती. लहानपणी बरणी याने फोडली की मांजराने, हे आई एकाच गोष्टीवरून ओळखायची. खोटं बोलताना हा स्वच्छ हात पुसायचा. आत्ता त्याचे हात स्वच्छच होते, आणि फडकं ग्रीसने काळंकुट्ट. पुसून पुसून त्याने दोन्ही हात बरबटून घेतले होते.

"दादा," ती हळूच म्हणाली, "नळी दोघांनाही होती. पण तुझ्या नळीतून आत काही गेलंच नाही. बाहेर आलं. हो ना?"

पाणक्या चाकापाशी परत जाऊन बसला. त्याने एक तार ताणली.

"आमचा दोघांचा गट एकच होता," तो शेवटी म्हणाला. "कप्तान थकला होता. डॉक्टर म्हणाला, त्याला लागेल. कप्तानाला पाणी लागलं की पाणी द्यायचं, चाक लागलं की चाक द्यायचं, पाऊस आला की आपला रेनकोट द्यायचा. मला वाटलं, ही आणखी एक बाटली. नाही म्हणायचं असतं हे डोक्यातच आलं नाही गं."

धाकटीला रडू फुटलं आणि त्याच वेळी रागही आला. "म्हणजे चौकातला तो पुतळा तुझ्या रक्तावर उभा आहे!"

"माझ्या पाण्यावरही उभा आहे. त्याबद्दल कोण बोलतंय?" तो हसला. "आणि त्या शिल्पकाराने साखळी चुकीच्या बाजूला बसवलीय, ती आधी दुरुस्त करायला पाहिजे."

"थट्टा नको करू. तू चोरी केली नाहीस, मग चोर म्हणवून का घेतोस?"

आता तो गंभीर झाला. "चोरी मी केली नाही, पण शिडी मीच धरली होती. पडदे लावून, दार लोटून जे चाललंय ते बरं नाही एवढं मला तेव्हाही कळत होतं. म्हणून मी अगदीच धुतल्या तांदळासारखा आहे असं समजू नकोस. पण वहिनींचं आता काय राहिलंय? एक पुतळा, एक सायकल आणि आठवणी. त्यातलं काढून घेऊन मी काय करू? माझ्याकडे तुम्ही आहात." बोलता बोलता त्याला आठवलं की सध्या तेही नाहीत, आणि तो पुन्हा चाक फिरवायला लागला.

"मग निदान ह्यांना तरी सांगू दे."

"अजिबात नाही! न्हाव्याला सांगायचं म्हणजे दवंडीच पिटायची. प्रेमाने सांगेल, माझी बाजू घेऊन सांगेल, पण खुर्चीत बसेल त्याला सांगेल. दोन दिवसांत वहिनींच्या कानावर. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

शपथ घालून त्याने तिला पुरतं अडकवलं. ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. पाणक्याने कबूल केलं म्हणे, स्वतःच्या तोंडाने, कप्तानाच्या बायकोसमोर! दुसऱ्या दुकान बंद करून घरी येऊन बसला होता. फळीवरची बाटली त्याने खाली काढून दारामागे केरसुणीशेजारी ठेवली होती. फेकली नव्हती. धाकटीने तेवढं बघितलं, आणि तिला थोडा धीर आला.

काही दिवस असेच गेले. तिचं शिवणयंत्र तेवढं खडखडत होतं. शिवता शिवता ती विचार करत होती, शपथ न सांगायची घातलीय, न विचारायची कुठे घातलीय?

एके दुपारी दुसऱ्या जेवून खिडकीशी वस्तरा पट्ट्यावर घासत बसला होता. धाकटी कापड बाजूला ठेवून त्याच्यासमोर येऊन बसली.

"अहो, तो घाट सांगा ना."

"कुठला घाट? मेला तो घाट."

"शेवटचं एकदा. मग कधी नाही म्हणणार."

त्याने नाक मुरडलं, पण गोष्ट त्याच्या जिभेवर इतकी मुरली होती की एक शब्द सुटला आणि बाकीचे आपोआप मागे आले. कुणी ढुंकून बघितलं नाही ते. मागे कुणी दिसेना ते. रस्त्यावरचं वितळलेलं डांबर चाकाला कसं चिकटत होतं ते. हळूहळू आवाज चढला, वस्तरा हातात नाचायला लागला.

"आणि मग तो डुलायला लागला," दुसऱ्या म्हणाला.

"कसा दिसत होता तो?"

"कसा म्हणजे? नेहमी सांगतो तसाच. कागदासारखा पांढरा. ओठांत रंग नाही. अगं, मी न्हाव्याचा मुलगा, लहानपणापासून माणसांचे चेहरेच बघत आलोय. दाढी करताना माणूस भोवळ येऊन पडायच्या आधी कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. तसा. अंगात थेंब नसल्यासारखा. मी काय उगाच पाणी दिलं? उन्हाने घामाघूम मीही झालो होतो, पण मी लालबुंद होतो आणि तो…"

"आणि आदल्याच दिवशी त्याच्या अंगात जास्तीचं रक्त भरलं होतं," धाकटी शांतपणे म्हणाली. "असं म्हणतात बाई."

ती उठली आणि परत यंत्रावर जाऊन बसली. पाय मात्र पेडलवर ठेवला नाही.

वस्तरा पट्ट्यावर अर्ध्यात थांबला होता. दुसऱ्या तोंड उघडं ठेवून भिंतीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तो सगळा घाट पुन्हा एकदा सरकत गेला, या वेळी उलट्या बाजूने. दोन खाटा. दोन नळ्या. एक लाल, एक पांढरा. कप्तानाने त्या दिवसानंतर शर्यतीत सगळ्यांना कसं मागे टाकलं होतं, तेही त्याला आठवलं असणार.

"गाढव आहे तो," तो एकदम म्हणाला. "शुद्ध गाढव! पाणी दिलं, चाक दिलं, आणि…" त्याने धाकटीकडे बघितलं. तिने नुसता गळ्याला हात लावला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग त्याला शपथेचंही कळलं, आणि शपथ कुणासाठी घातली असेल तेही.

"मला कुणी काही सांगितलेलं नाही," तो हळू म्हणाला. "तेव्हा मीही कुणाला काही सांगणार नाही. खुर्चीतल्या माणसाला तर नाहीच." मग त्याचा चेहरा पडला. "अगं पण, म्हणजे मी अर्ध्या माणसाकडून हरलो! इतके दिवस निदान पुऱ्या माणसाकडून तरी हरलो होतो."

धाकटी रडता रडता हसत सुटली.

तो उठला. कात्री, कंगवा आणि गळ्याभोवती टाकायचं कापड काखोटीला मारलं. दारामागची बाटली घेतली, मोरीवर नेऊन आतून बाहेरून घासून काढली, काठोकाठ भरली आणि पायांत चप्पल सरकवून निघाला. धाकटी मागून जवळजवळ धावतच गेली. रस्त्यात एकाने हाक मारली, "काय, खरे पहिले! कुठे निघालात?"

"मी दुसरा," तो न थांबता म्हणाला. "आणि पुन्हा मला पहिला म्हणालास तर तुझी दाढी दुसरीकडे करून घे."

दुकानात पाणक्या उकिडवा बसून ट्यूबला ठिगळ लावत होता. केस मानेवर रुळत होते. दोघांना दारात बघून त्याने आधी धाकटीकडे रागाने पाहिलं.

"ती काही बोललेली नाही," दुसऱ्या म्हणाला. "मी विचारणारही नाही. स्टुलावर बस. अवतार बघ तुझा."

पाणक्या बसला. दुसऱ्याने कापड झटकलं, त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं, मागे गाठ मारली, आणि कात्री उचलण्याऐवजी बाटली त्याच्यापुढे धरली.

पाणक्याने बाटली ओळखली. सवयीने तो म्हणाला, "तू घे आधी."

"मुकाट्याने पी. घाटावर कागदासारखा पांढरा पडला होतास. तेव्हा मला वाटलं, उन्हाने." त्याने बाटली आणखी पुढे ढकलली, तसं पाणी कापडावर सांडलं. "मूर्ख मी. एकच बाटली दिली. दुसरी मागून घेऊन द्यायला पाहिजे होती."

पाणक्याने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून तोंडाला लावली. गळ्याची घाटी वरखाली होत होती. त्याचं ते पिणं बघताना धाकटीला वाटलं, आता हा तळ दिसेपर्यंत थांबत नाही. दुसऱ्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने सवयीने तोंड उघडलं होतं.

पण तो ओरडायच्या आत पाणक्या थांबला. त्याने हाताने ओठ पुसले, बाटली कानाशी धरून हलवली, आतलं पाणी डुचमळलं, आणि मग ती दुसऱ्याच्या हातात दिली.

"अर्धी ठेवलीय तुझ्यासाठी," तो म्हणाला.